पिकविलेलें धान्य राखण्याचा धडा

शेतांत पिकलेलें धान्य एकदां घरांत आलें म्हणजे आपलें काम संपलें, असा आम्हां शेतकरी लोकांचा सर्वसाधारण समज आहे. नांगरट कशी करावी, बीं कोणतें पेरावें, खत किती द्यावें, ह्यांविषयीं पुष्कळ लिहिलें व बोललें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु कणगीचें तोंड लिंपल्यापासून भाकरी ताटांत पडेपर्यंत जे सहा-आठ महिने जातात, त्यांत धान्याचें काय होतें ह्याची चौकशी फारशी कोणी करीत नाहीं. सरकारी दप्तराचीहि हीच तऱ्हा आहे. गांव नमुना बारामध्यें कोणत्या गटांत कोणतें पीक किती क्षेत्रावर उभें होतें, ह्याची नोंद होते. पीक कापणी प्रयोगांत ठरीव तुकड्यांतील पीक कापून, मळून, वजन करून उताऱ्याचा अजमास काढतात. पण मळलेलें धान्य घरांत किडलें, बुरसलें किंवा उंदरांनीं खाल्लें, तर तें लिहिण्यास कोणत्याहि नमुन्यांत रकाना नाहीं. आमची सारी नोकरी असले रकाने भरण्यांत गेली. सबब ह्या न आंखलेल्या रकान्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

हें नुकसान लहान नव्हे. १९६० नंतरच्या दशकांत भारत सरकारनें नेमलेल्या पानसे समितीनें ह्याचा अंदाज काढला होता. कापणीनंतर एकंदर ९.३३ टक्के धान्य वायां जातें, व त्यांपैकीं ६.५८ टक्के केवळ सांठवणींत जातें, असें त्या समितीचें म्हणणें होतें. त्यांत किडींनीं २.५५, उंदरांनीं २.५०, पांखरांनीं ०.८५ व ओलीनें ०.६८ टक्के, अशी फोड तिनें दिली होती. आंकडे जुने आहेत. हल्लींचा हिशेब म्हणून ते आम्ही देत नाहीं. परंतु शत्रु कोण कोण आहेत हें त्यांवरून नीट कळतें. ओलीचा आंकडा ह्यांत सर्वांत लहान दिसतो, म्हणून वाचकांनीं फसूं नये. ओल स्वतः थोडें खाते, पण कीड आणि बुरशी ह्या दोघींना दार उघडून देणारी तीच होय.

१. ओल

दाणा मेलेला नसतो. तो झोंपलेला असतो, व झोंपेंतहि श्वास घेत असतो. श्वासाबरोबर ऊब व पाणी बाहेर पडतें. दाणा जितका ओला तितका त्याचा श्वास जोराचा. श्वास जोराचा तितकी ऊब अधिक. आणि ऊब व पाणी मिळालें कीं कीड व बुरशी दोन्ही माजतात. हें चक्र एकदां सुरू झालें म्हणजे थांबत नाहीं. म्हणून तें सुरूच होऊं न देणें हा पहिला उपाय. ज्वारी, गहूं, तांदूळ व मका ह्यांत ओल सुमारें १२ टक्क्यांवर नसावी. तूर, हरभरा वगैरे कडधान्यांत ९ ते १० टक्के, व भुईमुगाच्या शेंगांत ८ टक्क्यांच्या आसपास असावी.

येथें शेतकरी एक रोकडा प्रश्न विचारतो, व तो विचारण्याचा त्यास अधिकार आहे. १८ टक्के ओलीचा एक क्विंटल मका वाळवून १२ टक्क्यांवर आणला, तर वजन सुमारें ९३ किलो भरतें. सात किलो कोठें गेले? गेलें तें पाणी गेलें, धान्य गेलें नाहीं, हें खरें. तथापि तो म्हणतो, “तें पाणी धान्याच्या भावानें विकलें जात असतां आम्हीं तें उन्हांत कां उडवावें?” ह्यास आमचें उत्तर असें कीं, बाजारांत ओल्या मालाचा भाव पाडूनच घेतात, व आधारभूत किंमतीच्या खरेदींत ओलीची मर्यादा घातलेली असते, सोयाबीनसाठीं ती सामान्यतः १२ टक्के आहे. म्हणजे पाण्याची किंमत आपणांस वाटते तितकी मिळत नाहीं. आणि जें धान्य आपल्याच घरीं राहावयाचें, त्याच्या वजनाची फसवणूक आपण कोणाची करणार? तेथें तें सात किलो पाणी उरलेले ९३ किलो नासवून जातें.

धान्य वाळलें कीं नाहीं हें दांताखालीं दाणा फोडून पाहण्याची आपली जुनी रीत आहे. कट्‌कन् फुटला तर वाळला, दबला तर ओला. ही रीत टाकाऊ नाहीं, पण ती ज्याच्या त्याच्या दांतावर अवलंबून आहे. हिच्या जोडीला दुसरी एक सोपी परीक्षा सांगतों. कांचेची कोरडी बाटली घ्यावी. तींत तिसरा हिस्सा धान्य भरून वर मूठभर मीठ घालावें. मीठ तव्यावर तापवून अगदीं कोरडें केलेलें असावें. झांकण लावून बाटली कांहीं मिनिटें हालवावी व पाव तास ठेवून द्यावी. कांचेस आंतून मीठ चिकटलें तर धान्यांत १५ टक्क्यांहून अधिक ओल आहे असें समजावें, व तें धान्य पुनः उन्हांत घालावें. मीठ चिकटलें नाहीं, तर ओल १५ च्या खालीं आहे एवढेंच सिद्ध झालें. १२ वर आली असें नव्हे. म्हणून वर्षाची बेगमी करावयाची असल्यास आणखी दोन-तीन दिवस चांगलें ऊन द्यावें. वाळवण ताडपत्रीवर करावें. उघड्या मातीवर पसरलेलें धान्य दिवसा वाळतें व रात्रीं जमिनींतील ओल पुनः शोषून घेतें.

आणखी एक चूक आमच्याच हातून घडलेली आहे, ती सांगतों. एके वर्षीं उन्हांत तापलेली ज्वारी संध्याकाळीं गरमागरम पत्र्याच्या कोठींत भरून आम्हीं घट्ट झांकण लावलें, आणि काम वेळेवर उरकल्याचें समाधान मानलें. पावसाळ्यांत कोठी उघडली तों वरचा वीतभर थर ढेपळून काळा पडला होता व त्यास कुबट वास येत होता. कारण उघड आहे. आंतील गरम हवा वर चढून गार पत्र्यास लागली, तिचें दंव झालें, आणि तें दंव वरच्याच थरावर टपकलें. वाळविलेलें धान्य सावलींत पसरून पूर्ण निवूं द्यावें व मगच भरावें. ही एका रात्रीची सबुरी आम्हीं केली नाहीं, त्याची किंमत दोन पोतीं ज्वारी पडली.

२. कीड

“धान्याला आपोआप कीड लागते” असें म्हणण्याचा प्रघात आहे. आपोआप कांहींच होत नाहीं. सोंड्याची मादी दाण्यास भोंक पाडून आंत एक अंडें घालते व भोंक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आंतच वाढते व उबदार हवेंत सुमारें महिन्याभरानें सोंडा होऊन बाहेर पडते. एक मादी अशीं शेंकडों अंडीं घालते. म्हणून बाहेरून स्वच्छ दिसणारें धान्यहि आंतून पोखरलेलें असूं शकतें. कडधान्यावरील भुंगा तर शेतांतच तुरीच्या शेंगेवर अंडीं घालतो, व आपण त्यास सन्मानानें घरीं आणतों.

उपाय असे. जुन्या धान्यावर नवें धान्य कधींहि ओतूं नये. जुन्यांतील चार सोंडे नव्याचा सत्यानाश करितात. पोतीं उकळत्या पाण्यांत बुडवून कडक उन्हांत वाळवावीं. कोठीच्या सांदी व भिंतीच्या भेगा लिंपून घ्याव्या. पोतीं जमिनीवर न टाकतां लांकडी फळ्यांवर रचावीं व भिंतीपासून हातभर दूर ठेवावीं. तूर अख्खी ठेवण्यापेक्षां डाळ करून ठेवणें बरें, कारण ह्या भुंग्यास अख्खा दाणा लागतो. बियाण्यास ठेवलेल्या कडधान्यास किलोमागें ५ ते १० मिलिलिटर खाद्य तेल चोळल्यास भुंग्याचीं अंडीं जगत नाहींत. आपल्या आज्या एरंडेल चोळीत असत, त्यांत शहाणपण होतें.

३. पेंव आणि हवाबंद पिशवी

सोलापूर व मराठवाडा भागांत ज्वारी पेंवांत ठेवण्याची जुनी चाल आहे. तळाशीं व कडेनें कडब्याचें अस्तर देऊन, ज्वारी भरून, वर माती दाबून पेंव बंद करीत. आंत कीड कमी कां लागते? बंद जागेंत दाणे व किडे मिळून प्राणवायु संपवितात, कर्बवायु सांठतो, व किडे गुदमरून मरतात. हल्लीं बाजारांत जाड प्लास्टिकच्या हवाबंद पिशव्या मिळतात, त्यांचें तत्त्व हेंच आहे. फरक इतकाच कीं पेंवांत भुईची ओल शिरते, पिशवींत शिरत नाहीं. मात्र पिशवींत ओलें धान्य भरल्यास तें तेथेंच कुजेल, कारण ओलीस बाहेर जाण्यास वाट नाहीं.

जी हवा किड्यास मारते तीच माणसास मारते. पेंवांत एकदम उतरून माणसें दगावल्याचे प्रकार घडतात, आणि पहिल्यास काढण्यास उतरलेला दुसराहि मरतो. पेंव उघडल्यावर तें पुष्कळ वेळ उघडें राहूं द्यावें. कंदील सोडून पाहावा; विझला तर कोणीं उतरूं नये, पण जळत राहिला म्हणून निर्धास्तहि होऊं नये. उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधून वर दोन माणसें उभीं करावीं, व तो गप्प झाला तर खालीं उडी न घालतां दोर ओढावा.

४. बुरशी

येथवर सांगितलेलें नुकसान पैशाचें आहे. ह्यापुढील जीवाचें आहे.

१९६० सालीं इंग्लंडांत एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात् मेले. त्यांच्या खाण्यांतील भुईमुगाच्या पेंडींत एका बुरशीनें निर्माण केलेलें विष सांपडलें. त्यास अफलाटॉक्सिन असें नांव पडलें. हें विष यकृतावर घाला घालतें, व थोडथोडें अनेक वर्षें पोटांत गेल्यास यकृताचा कर्करोग होण्याचें भय असतें. पक्ष्यांची गोष्ट म्हणून कोणी हंसेल, तर त्यानें पुढील हकीकत वाचावी. १९७४ सालीं गुजरातेंतील पंचमहाल व राजस्थानांतील बांसवाडा ह्या जिल्ह्यांतील आदिवासी गांवांत काविळीची भयंकर सांथ आली. अंग पिवळें पडे, पोटांत पाणी होई. ३९७ माणसें आजारी पडलीं व त्यांपैकीं १०६ दगावलीं. गांवचीं कुत्रींहि त्याच रोगानें मेलीं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तज्ज्ञांनीं शोध केला, तेव्हां कारण घराघरांतील मक्यांत निघालें. काढणीच्या वेळीं अवेळीं पाऊस झाला होता. ओला मका तसाच सांठविला गेला, त्यावर बुरशी आली, आणि दुसरें धान्य नसल्यामुळें लोकांनीं तोच खाल्ला.

१९९५ सालीं दख्खनच्या पठारावरील कांहीं गांवांत पावसानें भिजून बुरसलेली ज्वारी व मका खाऊन लोकांस पोटदुखी व जुलाब झाले. तें दुसऱ्या एका बुरशीचें विष होतें. म्हणजे ज्वारी खाणाऱ्यांनींहि आपण सुरक्षित आहों असें मानूं नये.

ह्या विषाविषयीं चार गोष्टी प्रत्येक घरांत पाठ असाव्या. पहिली, भाकरी भाजल्यानें किंवा डाळ शिजविल्यानें तें नष्ट होत नाहीं. दुसरी, बुरशी धुऊन किंवा झटकून टाकली तरी विष दाण्यांत राहतें. तिसरी, बुरसलेलें धान्य वा पेंड दुभत्या म्हशीस घातल्यास विषाचा अंश दुधांत उतरतो, व तें दूध आपलेंच मूल पितें. चौथी, विष सगळ्या दाण्यांत सारखें नसतें. सुरकुतलेल्या, फुटक्या व रंग बदललेल्या दाण्यांत तें बहुतेक सांठलेलें असतें. म्हणून भुईमुगाचे दाणे हातानें निवडून असले दाणे काढून टाकल्यास धोका पुष्कळ कमी होतो. काढलेले दाणे तेलाच्या घाण्यावर नेऊं नयेत; जाळावे किंवा पुरावे.

भुईमूग उपटल्यावर वेल उलटे करून शेंगा वर येतील असे ठेवावे, म्हणजे त्यांस वारा व ऊन लागतें. शेंगा फोडतांना दाणे फुटूं नयेत म्हणून त्यांवर पाणी शिंपडण्याची चाल कांहीं ठिकाणीं आहे. ती सर्वथा बंद करावी; वाळलेल्या शेंगेस पुनः पाणी पाजणें म्हणजे बुरशीस आमंत्रण देणें होय. आपल्या देशांतील कायद्यानें धान्यें व कडधान्यें ह्यांत ह्या विषाची मर्यादा किलोमागें १५ मायक्रोग्रॅम ठरविली आहे. एका ग्रॅमचे दहा लक्ष भाग केले तर एक भाग म्हणजे एक मायक्रोग्रॅम. इतक्या अल्प गोष्टीस जीभ किंवा डोळा ओळखूं शकत नाहीं.

आतां एक कटु गोष्ट लिहितों. आपल्यांत धान्याचे तीन ढीग करण्याची रीत आहे. चांगलें बाजारांत जातें, मध्यम घरांत राहतें, आणि काळवंडलेलें, डागी धान्य सालगड्यास किंवा मजुरास मजुरीपोटीं दिलें जातें. “गरिबाला चालतें” असें आपण म्हणतों. गरिबाला चालत नाहीं. त्यास नाहीं म्हणतां येत नाहीं, इतकेंच. १९७४ सालीं जे मेले तेहि दुसरें धान्य विकत घेण्याची ऐपत नसलेलेच होते. जें धान्य आपल्या मुलाच्या ताटांत वाढण्यास आपण धजत नाहीं, तें दुसऱ्याच्या पदरांत घालणें हें दान नव्हे व मजुरीहि नव्हे.

५. उंदीर व औषधें

उंदीर खातो त्याहून अधिक नासवितो. त्याच्या लेंड्या व मूत्र ह्यांनीं रोग पसरतात. दाराच्या खालच्या कडेस पत्रा मारावा, बिळें कांच व सिमेंट घालून बुजवावीं, घराभोंवतीं अडगळ ठेवूं नये. विषापेक्षां हे उपाय टिकाऊ आहेत.

किडीच्या औषधांविषयीं मात्र अधिक सांगणें जरूर आहे. एके काळीं धान्यांत सर्रास मिसळली जाणारी बी. एच. सी. पावडर भारतांत १९९७ पासून बंद आहे. हल्लीं अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. हवेंतील ओलीनें त्यांतून विषारी वायु निघतो, व त्यावर उतारा नाहीं. कायद्याप्रमाणें हीं औषधें जाणत्या व परवानाधारक माणसांच्या देखरेखीखालींच वापरावयाचीं आहेत. असें असतां लोक चोरून गोळ्या आणतात, फडक्यांत बांधून पोत्यांत खुपसतात व त्याच खोलींत निजतात. वायु भिंतीच्या फटींतून शेजारच्या खोलींतहि जातो. ज्या छपराखालीं माणूस निजतो, तेथें ही गोळी येतां कामा नये, हा नियम अपवादाशिवाय पाळावा.

शेतीचीं औषधें व खाण्याचे जिन्नस ह्यांची गांठ कधींहि पडूं देऊं नये. १६ जुलै २०१३ रोजीं बिहारमधील सारण जिल्ह्यांत गंडामन गांवच्या शाळेंत दुपारचें जेवण जेवून २३ मुलें मेलीं. अन्नांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक सांपडलें. औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यांत तेल, पाणी किंवा डाळ भरणारा प्रत्येक मनुष्य हाच धोका पत्करीत असतो. रिकामा डबा भोंकें पाडून निकामी करावा.

६. रांधणारे हात

धान्य राखणें व अन्न राखणें हीं एकाच कामाचीं दोन टोकें आहेत. शाळेचा पोषण आहार, अंगणवाडी, बचत गटाचे पापड, लग्नाची पंगत, ह्या सर्व ठिकाणीं नियम थोडे व सोपे आहेत. हात साबणानें धुवावे; जुलाब किंवा हातावर जखम असलेल्यानें त्या दिवशीं अन्नास शिवूं नये; कच्च्या व शिजलेल्या जिनसांचीं भांडीं व विळ्या निराळ्या ठेवाव्या; पिण्याचें पाणी झांकून ठेवावें. शिजलेलें अन्न ५ अंशांहून गार किंवा ६० अंशांहून गरम ठेवावें, कारण ह्या दोहोंच्या मध्यें जंतु झपाट्यानें वाढतात. सकाळीं केलेला भात संध्याकाळच्या पंगतीस कोंबट वाढणें हें ह्यामुळेंच घातक आहे. अन्नसुरक्षेचा कायदा २००६ सालचा आहे, व २०१७ पासून अन्न हाताळणाऱ्यांच्या शिक्षणाची सरकारी योजनाहि चालू आहे. दर पंचवीस हाताळणाऱ्यांमागें एक शिकलेला देखरेख्या असावा, असें तिचें धोरण आहे. आपल्या गटांतील निदान एका बाईनें हें शिक्षण घ्यावें.

७. धडा कसा द्यावा?

अशा शिक्षणाचे वर्ग आम्हीं पाहिले आहेत. एका वर्गास आम्ही स्वतः बसलों होतों. तालुक्याच्या ठिकाणीं मोठें दालन, पडद्यावर चित्रें, हजेरीपटावर सही, दुपारीं जेवण. चाळीस पुरुष होते. बाई एकहि नव्हती. वास्तविक धान्य पाखडणें, वाळविणें, कणगी लिंपणें, निवडणें हीं सर्व कामें बायकांचीं. ज्यांच्या हातीं धान्य नाहीं त्यांस धडा दिला, व ज्यांच्या हातीं आहे त्या घरीं पाखडीत बसल्या. असल्या वर्गाचा हिशेब कागदावर पुरा होतो, कणगींत मात्र सोंडा तसाच राहतो.

आमची सूचना अशी. आपल्या संस्थेनें गांवोगांव धडा खळ्यावरच द्यावा, आणि तो हंगामाप्रमाणें द्यावा. भुईमूग व मका निघतांना वाळवणीचा व बुरशीचा. तूर निघतांना भुंग्याचा. रबी ज्वारी घरांत येतांना कोठी, पिशवी व मिठाच्या बाटलीचा. पावसाळ्याच्या तोंडीं फळ्या व छपर तपासण्याचा. आणि श्रावणांत, पंगती सुरू होण्यापूर्वीं, रांधणाऱ्यांचा. असे पांच धडे, प्रत्येकीं तासाभराचे. शिकविणाऱ्यानें सोंड्यांनीं पोखरलेला दाणा चिरून दाखवावा, मिठाची बाटली प्रत्येकीच्या हातीं द्यावी, व भुईमुगाच्या दाण्यांतून वाईट दाणे तिच्याकडूनच निवडून घ्यावे. हातानें केलेलें विसरत नाहीं.

धड्याची परीक्षाहि कागदावर घेऊं नये. सहा महिन्यांनीं त्याच घरीं जावें, कणगींत कोंपरापर्यंत हात घालून मूठभर धान्य वर काढावें, व शंभर दाणे मोजून त्यांत भोंक पडलेले किती तें पाहावें. हा आंकडा संस्थेच्या वहींत घरोघरचा लिहून ठेवावा. आरंभीं आम्हीं ज्या रकान्याविषयीं लिहिलें, तो सरकारी नमुन्यांत येईल तेव्हां येवो. आपल्या वहींत तो आजच आंखतां येईल. प्रस्तुत लेखकाच्या गांवीं ह्या वर्षीं ही वही सुरू करण्याचें आम्हीं मनांत आणिलें आहे, व पहिल्या पानावर आमच्याच कोठीचा आंकडा, तो कसाहि निघाला तरी, लिहिण्याचें ठरविलें आहे.